दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय: सोनेगावहून निघताना आणि तिथे पोचल्यावर

मुलं परदेशात असलेल्या नागपूरकरांना दोहा माहीत असतं ते विमानतळ म्हणून. पहाटे आपल्या सोनेगाव विमानतळावरून विमान, चार-साडेचार तासांत कतार, मग सहा-आठ तास खुर्चीत अवघडून बसायचं आणि पुढचं विमान धरायचं. आमची मुलगी जर्मनीत आहे, त्यामुळे आम्ही दोघांनी हे चार वेळा केलं. पाचव्या वेळी तीच फोनवर म्हणाली, "आई, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीस, आणि एवढ्या मोठ्या संग्रहालयापासून अर्ध्या तासावर बसून दशम्या खातेस?"

तेव्हापासून आम्ही तिथे दोनदा जाऊन आलो. पहिली खेप बरीचशी वाया गेली. तुमची जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. तिकीट काढतानाच एक रात्र मोकळी ठेवा

दोन विमानांच्या मध्ये आठ तास आहेत म्हणजे आरामात बघून होईल, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात उतरून बाहेर पडायला तास-दीड तास, जाण्यायेण्याला तास, आणि पुढच्या विमानासाठी तीन तास आधी परत. उरतात अडीच तास, तेही घड्याळाकडे बघण्यात जातात. तरुण असाल, पाठीवर एकच पिशवी असेल, तर करा. पासष्टीच्या पुढच्यांनी सरळ एक रात्र मुक्काम करावा.

मुक्काम केलात तर सोनेगावला सामान देतानाच विचारा: बॅगा दोह्यात हातात येणार की थेट पुढे जाणार? थेट पुढे जाणार असतील तर रात्रीचे कपडे, औषधं आणि चष्म्याची दुसरी जोडी हातातल्या पिशवीत. आम्ही विचारलं नाही. आमच्या ह्यांनी दोह्यातली रात्र प्रवासाच्या जीन्समध्ये काढली.

सोबत काय हवं:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- पुढच्या किंवा परतीच्या प्रवासाचं पक्कं तिकीट
- हॉटेलचं आरक्षण. आम्हाला ते 'डिस्कव्हर कतार' या तिथल्या पर्यटन कंपनीमार्फतच केलेलं असावं अशी अट होती
- प्रवासाचा आरोग्य विमा
- रोजच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट
- फॉरेक्स कार्ड आणि शे-दोनशे रियाल रोख

या सगळ्याची एकेक छापील प्रत ठेवा. मोबाईल ऐनवेळी मान टाकतो. आणि प्रवेशाचे नियम तिकीट काढाल त्याच आठवड्यात कतारच्या 'हय्या' संकेतस्थळावर स्वतः वाचा. भारतीयांसाठीच्या अटी मधूनमधून बदलतात. "आमच्या जाऊबाई गेल्या वर्षी नुसत्या पासपोर्टवर बाहेर पडल्या" हा काही नियम नव्हे.

२. पिशवीतली खसखस काढा

हसू नका. आखाती देशांत खसखस अंमली पदार्थांत मोडते. आता मुलीकडे निघालेल्या नागपूरच्या आईच्या बॅगेत काय असतं ते आठवा: सावजी मसाल्याचं पाकीट आणि डब्यात अनारसे. दोन्हींत खसखस. थेट युरोपला जाणारी बॅग वेगळी, पण दोह्यात बाहेर पडणार असाल तर हे दोन्ही घरी ठेवा. तिळाच्या वड्या न्या, चिवडा न्या.

औषधांचंही तसंच. झोपेसाठी किंवा घाबरल्यासारखं होतं म्हणून घेतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामच्या गोळ्या, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. यातलं काही रोज चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. चिठ्ठी असली की झालं, असं गृहीत धरू नका.

३. नागपुरातच डोळे तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग तिथे जाऊन "छान आहे, छान आहे" करत दोन तासांत बाहेर येतात. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं.

खरं तर आपण नागपूरकर यात नशीबवान आहोत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संस्कृत आणि द्राविडी शिलालेखांची शाखा म्हैसूरला आहे, आणि अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरात. देशभरातल्या मशिदी, दर्गे, किल्ल्यांच्या दरवाजांवरचे लेख वाचायचं काम इथून चालतं. दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून बसवायचा, अक्षरांच्या खाचांत तो शिरला की वरून शाई लावायची. उठावाची अक्षरं काळी येतात, खोलगट पांढरी राहतात. असा ठसा एकदा जवळून पाहिला की अक्षर ही शोभेचीही वस्तू आहे हे मनात पक्कं होतं, आणि दोह्यात पाहायचं ते मुख्यतः हेच.

सिव्हिल लाइन्समधला आपला अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, तिथे एक सकाळ काढा. सोमवार सोडून जा. सगळी दालनं फिरू नका. शस्त्रांच्या दालनात एका तलवारीसमोर दहा मिनिटं उभे राहा आणि मूठ, पातं, नक्षी असं तुकड्या-तुकड्याने बघायची सवय लावा. शाळेच्या सहलीत पळत पळत बघितलेला अजब बंगला वेगळा, हा वेगळा.

घरी बसून आणखी तीन गोष्टी करता येतात.

पहिली, अक्षरांचे दोन घाट ओळखायला शिका. कुफी लिपी कोनदार, उभ्या-आडव्या रेघांची, जणू आपली बाळबोध. नस्तालिक मात्र तिरकी उतरत जाते, अक्षर अक्षराला लगटून, हात न उचलता लिहिल्यासारखी. मोडी पाहिलेल्याला ती लगेच आपली वाटते. वाचता येण्याची गरज नाही.

दुसरी, अंक. ते मात्र वाचता यायलाच हवेत, कारण वस्तूंवर हिजरी, म्हणजे इस्लामी, सन कोरलेला असतो. एक म्हणजे उभी रेघ. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि आपल्या शून्यासारखा गोल दिसतो तो पाच! सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच उलटा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण निघतो. हे गणित आमच्या ह्यांनी तिथे कागदाच्या रुमालावर केलं आणि उत्तर पाटीवरच्या सनाशी जुळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. तोपर्यंत ते केवळ माझ्यासाठी आले होते.

तिसरी, रांगोळी. एक चौकोन काढा. त्याच मध्यावर दुसरा तेवढाच चौकोन ४५ अंशांत फिरवून काढा. आठ टोकांची चांदणी तयार. टोकाला टोक लावून शेजारी आणि खाली तशाच आणखी तीन काढा, चौघींच्या मधे आपोआप क्रूसासारखी जागा उरते. इराणच्या जुन्या भिंतींवरच्या फरशा अशाच बसवलेल्या असतात: एक चांदणी, एक क्रूस. आपण ठिपके मोजून काढतो, ते कंपास आणि पट्टीने काढत. एकदा हाताने काढलं की संग्रहालयात डोळा नुसता फिरत नाही, रेघ कुठून निघाली ते शोधायला लागतो.

वेळ असेल तर अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्यावरचा महाकाली दरवाजाही पाहून या. १४८७ सालचा, बहमनी काळातला. त्यावरच्या कोरीव अक्षरांच्या पट्ट्या पाहिल्यावर दोह्यातलं काम परकं वाटत नाही.

४. वार आणि वेळ

आमची पहिली खेप फसली ती इथे. शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही दारात हजर. शुक्रवारी ते दुपारनंतर उघडतं. आठवड्याची सुट्टी तिथे शुक्रवार-शनिवार असते आणि शुक्रवारी सकाळी सगळं शहरच निवांत, मेट्रोसुद्धा उशिरा सुरू होते. चार-साडेचार तास समुद्राकाठी काढले आणि आत गेलो तेव्हा पाय दुखायला लागले होते.

म्हणून शुक्रवार टाळा. आठवड्यातला एक दिवस संग्रहालय पूर्ण बंद असतं आणि तो वार मागे बदललेलाही आहे. 'कतार म्युझियम्स'च्या संकेतस्थळावर तुमच्या तारखेची वेळ बघूनच ठरवा. रमजानमध्ये वेळा वेगळ्या असतात. आम्ही गेलो तेव्हा बाहेरून येणाऱ्या प्रौढांना ५० रियाल तिकीट होतं. तिकीट आधी ऑनलाइन काढलं की रांग वाचते.

ऋतूबद्दल एक शब्द. नागपूरच्या माणसाला उन्हाचं कोण कौतुक सांगणार, असं आमचे हेही म्हणाले होते. जूनचा महिना होता. पण आपलं ऊन कोरडं, तिथलं समुद्राचं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो. नोव्हेंबर ते मार्च जा. उन्हाळ्यातच जावं लागलं तर दुपारी पायी चालायचा हट्ट नको.

५. तिथे पोचायचं कसं

विमानतळावरून टॅक्सीने वीसेक मिनिटं. फिरोजी रंगाच्या करवा टॅक्स्या सरकारमान्य, मीटरवर चालतात. मेट्रोने जायचं तर विमानतळावरून लाल मार्गिका, मुशैरिबला बदलून सोनेरी मार्गिका, आणि सूक वाकिफ (म्हणजे दोह्याचा जुना बाजार) किंवा नॅशनल म्युझियम स्थानकावर उतरायचं. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालणं आहे. 'नॅशनल म्युझियम' नावाला फसू नका, ते वेगळं संग्रहालय. टॅक्सीवाल्याला नुसतं "म्युझियम" म्हणाल तर तो तिकडेही नेईल. "इस्लामिक आर्ट" हे दोन शब्द स्पष्ट उच्चारा. बहुतेक चालकांना हिंदी येतं.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. साडी, पंजाबी ड्रेस, काहीही चालतं. आत एसीचा गारठा असतो, शाल हवीच.

६. आत शिरायची घाई नको

इमारत ही इथली पहिली वस्तू आहे. ती बांधली वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी, संग्रहालय २००८ मध्ये उघडलं तेव्हा त्यांचं वय ९१ होतं. आराखडा काढण्याआधी ते मुस्लिम देशांत महिनोन् महिने फिरले आणि शेवटी कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातल्या वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, छत्रीपाशी थांबले. खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर घुमट, बाकी काही नाही. ऊन फिरेल तशा सावल्या बदलतात. किनाऱ्यावरची जागा त्यांनी नाकारली. उद्या शेजारी उंच इमारती आल्या तर आपली झाकून जाईल, म्हणून समुद्रात भराव टाकून वेगळं बेटच मागितलं, आणि ते मिळालं!

बेटावर जाणाऱ्या पुलावर उभं राहून इमारतीचे घडीव ठोकळे मोजा. मग आत मधल्या चौकात जाऊन मान वर करा: वरचा गोल खाली येता येता अष्टकोन होतो, मग चौकोन. घरी काढलेली ती चांदणी इथे आठवेल. समोर सुमारे ४५ मीटर उंचीची काचेची भिंत आणि पलीकडे खाडीचं पाणी. थकल्या पायांनी बसायला जागा इथेच चांगली मिळते.

७. दालनांत: थोडंच बघा

२०२२ मध्ये सगळी मांडणी नव्याने झाली. कायमची १८ दालनं आहेत. सगळी एका दमात बघणारा शेवटच्या पाचांत फक्त बाक शोधतो. मी दुसऱ्या वेळी कागदावर पाच गोष्टी लिहून नेल्या होत्या. त्या इथे देते, तुम्ही त्यात भर घाला. वस्तू कधीकधी दुसऱ्या प्रदर्शनांना उसन्या जातात, म्हणून आत जातानाच माहितीच्या टेबलावर विचारून घ्या.

*पांढरा वाडगा, काळी अक्षरं.* दहाव्या शतकातल्या निशापूर-समरकंद (इराण आणि मध्य आशिया) भागातली मातीची भांडी. पांढरी जमीन, काठाला काळ्या कुफी अक्षरांची एक ओळ, बाकी सगळं रिकामं. ओळ बहुधा म्हण किंवा आशीर्वाद असते. एकावर लिहिलंय, संधी दवडून मग नशिबाला बोल लावतो तो मूर्ख. जेवण संपेल तसं हे खाली उघडं पडत असणार! चित्रकलेच्या तासाला मुलांना "कागद भरून काढा" असं इतकी वर्षं सांगत आले, त्याची या वाडग्यासमोर जरा लाज वाटली.

*हरिणी.* स्पेनमधल्या कोर्दोबा भागातली, दहाव्या शतकातली, कांशाची. कारंज्याचं तोंड होती, पाणी तिच्या तोंडातून यायचं. सगळ्या अंगभर वेलबुट्टी कोरलेली. "इस्लामी कलेत प्राण्यांची चित्रं नसतात" हा समज इथेच सोडून द्या. मशिदीत आणि कुराणात नसतात. राजवाड्यात, भांड्यांवर, पोथ्यांत भरपूर असतात, माणसंही.

*सोन्यासारखी चमकणारी मातीची भांडी.* ही सोन्याची नाहीत. एकदा भाजून काढलेल्या झिलईवर चांदी-तांब्याची संयुगं लावून भांडं पुन्हा कमी हवेच्या, धुराच्या भट्टीत घालत. धातूचा पापुद्र्याएवढा पातळ थर वर राहतो. भांड्यांसाठी ही युक्ती नवव्या शतकातल्या इराकमध्ये रुजली. समोरून बघू नका. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरका. चमक सरकते, रंग तपकिरीचा हिरवट होतो.

*इझनिकच्या फरशा.* सोळाव्या शतकातलं तुर्कस्तान. निळ्या-हिरव्यात टोमॅटोसारखा लाल बघा आणि कडेने वाकून बघा: तो लाल रंग बाकीच्यांपेक्षा किंचित वर उचललेला असतो, मेंदीचा कोन सुकल्यासारखा.

*आणि शहाजहानची हौलदिली.* माझ्यासाठी सगळा प्रवास हिच्यापाशी येऊन थांबला. तळहातात मावेल एवढं जेडचं पदक, त्यावर कुराणातल्या आयती (वचनं) कोरलेल्या, बादशहाचं नाव आणि सन १०४१. ह्यांनी रुमालावर गणित केलं ते याच सनाचं: १६३१-३२. मुमताज गेली १६३१ च्या जूनमध्ये, बुऱ्हाणपूरला. भुसावळच्या पुढचं आपलं बुऱ्हाणपूर! असं पदक छातीवर, काळजाला टेकेल असं घालत. धडधड शांत व्हावी म्हणून. हौल म्हणजे भीती, दिल म्हणजे काळीज. आपण मराठीत 'हवालदिल झालो' म्हणतो तो शब्द इथलाच. काचेपलीकडे तो दगड बघताना हे कोणालातरी सांगावंसं वाटलं, पण बाजूला फक्त एक नेपाळी सुरक्षारक्षक होता. त्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रोज इथेच उभा असतो, पण हे कोणी सांगितलं नव्हतं."

८. आत असताना काही बारीकसारीक

- उजेड मुद्दाम मंद असतो. कागद, रंग आणि गालिचे प्रखर उजेडात विटतात. जवळचं वाचायचा चष्मा गळ्यात अडकवा.
- फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात. पण आधी बघा, मग काढा.
- पोथी उजवीकडून डावीकडे वाचतात. जोडपानावरचं चित्रसुद्धा उजव्या पानापासून बघायला लागा, गोष्ट सरळ लागते.
- पाट्या अरबी आणि इंग्रजीत आहेत. मोबाईलमधलं भाषांतर मराठीत बरंच विनोदी निघतं, इंग्रजीच वाचा.
- मोठी पिशवी लॉकरमध्ये जाते. पाण्याची बाटली आत नेता येत नाही, आधी पिऊन घ्या.

९. खाणं आणि संध्याकाळ

वरच्या मजल्यावर फ्रेंच शेफ आलँ द्युकास यांचं रेस्टॉरंट आहे. त्या वाटेला आम्ही गेलो नाही. खालच्या कॅफेत कॉफी घ्या आणि काचेतून वेस्ट बे भागातले मनोरे बघा. पोटभर जेवायला सूक वाकिफ बरं. शाकाहारी असाल तर फलाफल, हुमूस, मुतब्बल ही नावं पाठ करा. मुतब्बल म्हणजे आपल्या भरताचा भाऊ, पण तिखट नाही, त्यामुळे विदर्भातल्या जिभेला तो आजारी माणसाचा वाटतो. चहा मागताना 'करक' म्हणा. आपल्याकडचा कडक चहाच तो, समुद्र ओलांडताना नाव जरा बदललेला.

ऊन उतरलं की संग्रहालयाला लागून असलेल्या बागेच्या टोकापर्यंत चाला. रिचर्ड सेरा यांचं '७' हे पोलादी शिल्प तिथे पाण्याच्या कडेला उभं आहे: सात पत्रे, चोवीस मीटरहून उंच. आत शिरून आभाळाचा सातकोनी तुकडा बघता येतो. दिवसा हात लावू नका, पोलाद तव्यासारखं तापलेलं असतं.

१०. परतीला

विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर. आत गेल्यावर मध्यभागी डोक्यात दिवा घुसलेलं प्रचंड पिवळं अस्वल दिसेल, तेही एक शिल्पच. आधीच ठरवून ठेवा: चुकामूक झाली तर अस्वलाच्या पायाशी भेटायचं. आमचे हे अत्तराच्या दुकानात रमले होते, आणि फोन चार्जिंगला माझ्याकडेच होता.